काराकोलच्या मल बाजारात जावं का?

पावसाळी_चिमणी:
नमस्कार मंडळी. मी पुण्याची. सध्या किरगिझस्तानात काराकोलला दोन महिने स्वयंसेवक म्हणून आलेय, मुलांना इंग्रजी शिकवते. जिच्या घरी राहते ती आपा (इकडे आईला आपा म्हणतात) रविवारी मेंढा घ्यायला मल बाजारात चाललीये आणि मलाही चल म्हणतेय. पहाटे साडेचारला! गुरांचा बाजार मी कधी पाहिलेला नाही, त्यात शाकाहारी. मेंढा कशासाठी घेणार ते कळतंय मला. नुसतं मोबाइल धरून बघ्यासारखं हिंडणं बरं दिसेल का?

माणदेशी_गडी:
ताई, जावा की! मी २०१९ला तिथंच होतो, डोंगरातल्या पायवाटांवर खुणा रंगवायला. आम्ही सांगोल्याकडचे, वडील बैलांचे हेडी, म्हणजे व्यापारी. पहिल्याच रविवारी घरी आल्यागत वाटलं, फक्त थंडीनं दात वाजत होते. जुलै असला तरी स्वेटर घाला. चांगले बूट घालू नका, का ते तिथं कळंल.

'मल' म्हणजे जनावरं. आपला 'माल' तोच, दोन्हीकडं अरबीतनं आलेला. जुनी माणसं भेटली की 'मल-जान अमानबी?' विचारतात. गुरंढोरं खुशाल ना, जीव खुशाल ना? आधी गुरं, मग माणूस. आमच्या आज्याचंही तसंच होतं.

तिथल्या मेंढ्यांना मागं चरबीचा हा एवढा गोळा लोंबतो. गिऱ्हाईक आधी पाठ चाचपतं, मग तो गोळा तळहातावर तोलतं. घोड्याचं वय दात उघडून बघतात, आपल्या बैलांसारखंच. घेतलेली मेंढी सरळ लाडा गाडीच्या डिकीत!

सौदा मात्र उलटा. आपल्याकडं रुमालाखाली बोटं धरायची, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. तिथं दलाल दोघांचे हात एकात घालून चारचौघांत असा हिसडतो की खांदा निखळावा. मी हौसेनं एका तट्टाला 'कांचा?' म्हणालो, म्हणजे किती. मालकानं हात धरला, वरनं दलालानं धरला, सोडेचनात. आकडा खाली येतोय, माणसं जमतायत, आणि माझ्या खिशात चहापुरते सोम, म्हणजे तिथले पैसे. आमच्या घरमालक बायकेंनी, म्हणजे दादांनी, येऊन सोडवलं आणि दिवसभर हसले. तवा घ्यायचं नसंल तर भाव विचारू नका. फोटो विचारून काढा. आणि आपांना म्हणा, कासरा माझ्याकडं द्या. हातात कासरा असला की माणूस बघ्या राहत नाही.

बिश्केकचा_विद्यार्थी:
मी इथे एमबीबीएसला आहे. दोनच गोष्टी: घोड्यांच्या मागून चालू नका, आणि समशात (समसा म्हणजे इथला समोसा) बहुधा मटणच असतं. चहा आणि तंदूरची गोल रोटी मागा, लेप्योश्का म्हणतात तिला.

पावसाळी_चिमणी:
जाऊन आले! आपाने चार मेंढे नाकारले, प्रत्येकाचा गोळा मलाही चाचपायला लावला. पाचवा घेतला. कासरा माझ्याकडेच होता, म्हणजे खरं तर मी मेंढ्याकडे होते, त्याने मला दोनदा चिखलात नेलं. डिकीत बटाट्यांची पोती, म्हणून तो मागच्या सीटवर माझ्या शेजारी. संध्याकाळी जेवायला मी बटाटेच खाल्ले, आपा काही बोलली नाही. गडीदादा, जाकिटाला बसलेला वास कशाने जातो?

माणदेशी_गडी:
जात नाही. माझं घरच्यांनी अजून गोठ्यात टांगलंय.