एक पार्टिशन उडवलं आणि ग्रब रेस्क्यू आलं, मग बूटलोडर नक्की राहतो कुठे?

प्रश्न
जुना बायोसवाला पीसी आहे. लिनक्स सहाव्या पार्टिशनवर, पाचवं नुसतं रिकामं पडलेलं म्हणून काल ते डिलीट केलं, तर आता चालू केला की काळ्या स्क्रीनवर 'नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतंय. लिनक्सला तर मी हातही लावला नाही. आणि ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरला, स्वतःच्याच फाइल सापडत नसतील तर हा मेसेज तरी कोण दाखवतंय?? डेटा गेला का माझा?

उत्तर 1
डेटा जागच्या जागी आहे, घाबरू नका, फक्त आत्ता फॉरमॅट वगैरे काही करू नका. लॉजिकल पार्टिशन (म्हणजे एक्सटेंडेड पार्टिशनच्या आत केलेली) 5 पासून मोजतात, पाचवं गेलं की सहावंच पाचवं होतं. ग्रब अजून सहावं शोधत बसलाय.

उत्तर 2
मेसेजचं मी सांगतो. बायोसला, म्हणजे पीसी चालू होताच आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, फाइल, फोल्डर काही कळत नाही, तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे 512 बाइट, मेमरीत उचलतो, शेवटी 55एए ही खूण दिसली की त्याच्या हातात कारभार देऊन मोकळा. त्या 512 मधले 64 बाइट पार्टिशन टेबलचे, कोडला उरतात जेमतेम 446, एवढ्यात फाइलसिस्टिम (पार्टिशनवरची फाइलींची मांडणी) वाचणारा प्रोग्राम मावणार कसा? म्हणून तो तुकडा फक्त पुढचा तुकडा उचलतो, जो पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत असतो. तुम्हाला मेसेज देतोय तो हा दुसरा. त्याला फाइलसिस्टिम वाचता येते पण मेनू, बाकीची मॉड्यूल्स (ग्रबचे उरलेले भाग) कुठल्या पार्टिशनवर आहेत तो पत्ता त्याच्यात इन्स्टॉल करतानाच लिहिलेला असतो, आणि तुमचा तो पत्ताच बदललाय. मेनूपर्यंत पोचला की कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरामएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) मेमरीत टाकतो आणि बाजूला होतो, पुढे सगळं कर्नलचं.

तिथेच टाइप करा:
सेट प्रीफिक्स=(एचडी0,एमएसडॉस5)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल
(अर्थात इंग्लिश अक्षरांत, बूटचं वेगळं पार्टिशन नसेल तर.)

प्रश्नकर्ता
आला मेनू!! लिनक्स पण सुरू झालं, सगळ्या फाइल आहेत. खूप खूप आभार.

उत्तर 1
आता लगेच लिनक्समध्ये ग्रब-इन्स्टॉल ही कमांड चालवा, आणि ती अख्ख्या डिस्कवर, पार्टिशनवर नाही. आत्ता दिलेला पत्ता फक्त मेमरीत होता, रीस्टार्ट केलं की परत तीच काळी स्क्रीन.