खरा मथळा, खोटा मथळा: आपला अनुभव लिहा

एखादी बातमी आपण खरी मानली आणि ती खोटी निघाली, किंवा खोटी म्हणून झटकून टाकलेली बातमी खरी ठरली, असा स्वतःचा प्रसंग येथे लिहावा. नेमके कशामुळे फसलात, तेवढे मात्र आवर्जून सांगावे.

रोखपाल, सोलापूर
नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत नॅनो जीपीएस चिप असल्याचा संदेश मी हसण्यावारी नेला होता. पण तीच बातमी दूरचित्रवाणीवर झळकली तेव्हा मी बँकेत काम करत असूनही डगमगलो. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या सुरक्षा-वैशिष्ट्यांत चिपचा उल्लेखही नव्हता. ती यादी वाचण्याआधी मी नोट उजेडात धरून पाहिली होती, हे कबूल करतो.

शिक्षिका, खान्देश
२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या पालकांच्या गटात एक चित्रफीत आली. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसत होते. ती मूळची कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृतीसाठी केलेली होती आणि मुलाला परत आणून सोडल्याचे शेवटचे दृश्य कोणीतरी कापून टाकले होते, हे मला फार उशिरा कळले. तोवर मीही ती ‘काळजी घ्या’ असे लिहून पुढे पाठवली होती. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. माझ्या संदेशाचा त्याच्याशी संबंध होता असे नाही. नव्हताच, असेही मला ठामपणे म्हणता येत नाही.

निवृत्त वाचक, पुणे
अधिकृत सूत्रांवर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनी मार्च १९७९ आठवावा. जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची घोषणा खुद्द लोकसभेत झाली, आकाशवाणीनेही ती सांगितली. आणि जेपी मुंबईच्या रुग्णालयात जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला.

वाणिज्याचा प्राध्यापक, नाशिक
माझे उलटे झाले. एप्रिल २०२० मध्ये भावाने ‘कच्चे तेल उणे ३७ डॉलर’ हा मथळा पाठवला, तेव्हा भाव शून्याखाली जाईलच कसा, असे म्हणून मी त्यालाच सुनावले. (आमच्या पंपावर पेट्रोलचा भाव जागचा हलला नव्हता, हेही माझ्या संशयाचे एक कारण.) प्रत्यक्षात अमेरिकेतील मे महिन्याच्या वायद्याची, म्हणजे ठरलेल्या भावाने मे महिन्यात तेल ताब्यात घेण्याच्या कराराची, मुदत संपत आली होती आणि तेल साठवायला जागा उरली नव्हती, त्यामुळे विकणाऱ्यालाच वरून पैसे मोजावे लागत होते. माझे ते उत्तर भावाने अजून जपून ठेवले आहे.