मदत हवी आहे: काळ्या मातीत पिकअपचं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं की चालू ठेवावं?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी.

मी औसा तालुक्यातला, तेरणेच्या काठचा. आई-वडील शेतात आखाड्यावरच राहतात. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर पाणंद आहे. निव्वळ काळी माती, औषधाला मुरूम नाही. पाणंद रस्ता मंजूर व्हावा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, पण त्याची वाट बघत थांबता येत नाही, कारण आईचं डायलिसिस सुरू झालंय. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला लातूरला पोचावंच लागतं, पाऊस असो की नसो.

म्हणून जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. डबल केबिन, डिझेल, हाताचे गिअर. टू-एच (दोनच चाकांना जोर), फोर-एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगासाठी), फोर-एल (चारही चाकांना, हळू पण जास्त जोरानं) असा नॉब आहे. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी घसरून फिरू न देणारं) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (वळणावर गाडी सुटू न देणारं) एकाच बटणावर. डिफ लॉक नाही. म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधायची सोय नाही. टायर रस्त्याचेच, एचटी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार गाडीची नाही, चालवायचं कसं ते मला कळत नाही.

गेल्या गुरुवारचं सांगतो. रात्रभर पाऊस झाला होता. पहाटे साडेपाचला फोर-एच लावून, दुसऱ्या गिअरात निघालो. आई मागच्या सीटवर, वडील शेजारी. अर्धा किलोमीटर गाडी छान चालली. पुढं लिंबापाशी वगळीचं (ओहोळाचं) पाणी पाणंदीत उतरतं, तिथं डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मी रेस देतोय आणि गाडी रेस घेतच नाही. पाय तळाला टेकलाय, इंजिनचा आवाज मात्र खालीच. खालून ब्रेक धरल्यासारखा खर्रर्र खर्रर्र आवाज. वेग कमी होत होत गाडी थांबली, आणि थांबली ती बसलीच. पहिला टाकला, रिव्हर्स टाकला, दर वेळी तेच: चाक जरा फिरतंय न फिरतंय तोच दिवा लागतो आणि इंजिन मान टाकतं.

उतरून मोबाईलच्या उजेडात बघितलं. टायरची नक्षी कुठं दिसतच नव्हती. सगळ्या खाचा चिखलानं भरून चाक गुळगुळीत झालं होतं, कुंभाराच्या चाकावरच्या गोळ्यासारखं. मडगार्डच्या आतही चिखल असा दाटला होता की बोट जाईना. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढून काढलं. डायलिसिसला पावणेदोन तास उशीर झाला. तिथल्या सिस्टरनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं.

आता दुसरी बाजू. त्याच दिवशी डांबरीवर आल्यावर पहिल्याच वळणावर गाडीची मागची बाजू सुटली. पुन्हा तोच दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. म्हणजे ज्यानं पाणंदीत अडवलं त्यानंच वळणावर वाचवलं. आई गाडीत असताना हे बटण बंद करायला माझा हात धजत नाही तो यामुळं.

गाडीच्या पुस्तकात खोल बर्फात किंवा चिखलात अडकल्यास ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, एवढंच आहे. त्याच पुस्तकात निसरड्या रस्त्यावर ते चालू ठेवा असंही आहे. आमची पाणंद यातली नेमकी कोणती? व्हिडिओ बघावेत तर सगळे बर्फातले. बर्फाचं शहाणपण काळ्या मातीला लागू पडतं का? बटण चिखलात शिरण्याआधी बंद करायचं की अडकल्यावर? फोर-एच बरोबर की फोर-एल? ज्यांनी हे हातानं केलंय त्यांनी कृपया सांगा. पुढचा सोमवार जवळ आलाय.

गंगाखेडकर

टायरमध्ये हवा किती होती?

तेरणाकाठ

पस्तीस. पंपावर भरतात तेवढीच.

जुना मिस्त्री

दादा, आधी ही यंत्रणा काय करते ते बघा, मग बटण कधी दाबायचं ते आपोआप कळेल.

प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो, एबीएसचाच, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरलं की यंत्रणा धरते की ते घसरतंय. मग ती दोन कामं करते. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, आणि इंजिनची ताकद कमी करते. तुम्ही ऐकलेली खर्रर्र म्हणजे पहिलं काम, रेस न घेणं म्हणजे दुसरं.

पहिलं काम चिखलातही फायद्याचं आहे. तुमच्या गाडीला डिफ लॉक नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांत) एक चाक मोकळं फिरायला लागलं की जोर सगळा त्याच्याकडंच वाया जातो, जमिनीला धरून असलेलं दुसरं चाक गप्प बसतं. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागला की जोर दुसऱ्याकडं वळतो. बांध ओलांडताना एक चाक अधांतरी झालं तर हीच ब्रेकची करामत गाडी काढते. तिथं बटण बंद करू नका.

घात दुसऱ्या कामानं केला. चिकट चिखलात चाक थोडं जास्त फिरावंच लागतं, तेव्हाच खाचांतला चिखल उडून बाहेर पडतो आणि नक्षी पुन्हा मोकळी होते. यंत्रणेला ते चाक घसरतंय असंच दिसतं आणि ती ताकद तोडते. चाक फिरत नाही म्हणून चिखल निघत नाही, चिखल निघत नाही म्हणून पकड येत नाही. त्यात गाडीचा वेगही गेला, आणि चिखलात सगळा खेळ त्या वेगावरच असतो.

म्हणून सलग चिखलाच्या पट्ट्यात बटण आधीच बंद करा. अडकल्यावर बंद करून उपयोग निम्माच. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, तीन-चार सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटीही जाते. तुम्हाला फक्त पहिलं हवंय. तुमच्या पुस्तकात हे नक्की असेल, तेवढं बघून घ्या. काही गाड्यांत फोर-एल लावलं की इंजिनची ताकद तोडणं आपोआप थांबतं आणि ब्रेकचं काम तेवढं चालू राहतं. तुमची गाडी तशी असेल तर बटणाला हातच लावायला नको.

आणखी एक, यात भलेभले फसतात. गाडी बंद पडून पुन्हा चालू केली की ही यंत्रणा आपली आपण परत चालू होते. चिखलात इंजिन बंद पडलं तर पुन्हा निघण्याआधी डॅशबोर्डवरचा 'ऑफ' दिवा बघा.

गंगाखेडकर

पस्तीसची हवा चिखलाला फार झाली. रिकामी गाडी असेल तर बावीसपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. पाठीमागं सोयाबीनचे कट्टे भरलेले असतील तर इतकी उतरवू नका. आणि हवा कमी असताना तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या धसकटांवरून गाडी घालू नका, टायरची बाजू फाटते. माझा नवा टायर असाच गेला. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या, डांबरीला लागल्यावर हवा परत भरायची. आई सोबत असल्यावर ते करूनच पुढं जा.

माजी सैनिक, उदगीर

भाऊ, बर्फाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी लष्करात ड्रायव्हर होतो, श्रीनगर-लेह रस्त्यावर गाड्या चालवल्या आहेत. झोजिला घाट साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. आमच्या ट्रकांना असलं काही बटण नव्हतं, सगळं पायानं आणि कानानं.

बर्फ एक प्रकारचा नसतो, तिथंच लोकांचा घोटाळा होतो. गाड्या जाऊन जाऊन दाबलेला बर्फ आणि त्यावर गोठलेला पारदर्शक पापुद्रा म्हणजे काच. त्यावर चाक फिरवलं की खालचा थर वितळून आणखी गुळगुळीत होतो. तिथं दुसऱ्या गिअरात, अंड्यावर पाय ठेवल्यासारखी रेस द्यायची, चाकांना साखळ्या बांधायच्या, उतारावर ब्रेक न मारता गिअरवर गाडी सोडायची. असल्या जागी ट्रॅक्शन कंट्रोल चालूच पाहिजे. ताजा, गुडघाभर भुसभुशीत बर्फ वेगळा. त्यात चाक फिरून फिरून बर्फ बाजूला सारतं, गाडी मागं-पुढं झुलवून बाहेर काढावी लागते, आणि यंत्रणा ते करू देत नाही. तुमच्या पुस्तकात दोन सल्ले आहेत ते या दोन बर्फांसाठी.

आपल्या काळ्या मातीचंही तसंच आहे, फक्त ते पावसाच्या दिवसावर ठरतं. मृगाच्या पहिल्या पावसात वरची चार बोटं भिजते, खाली भेगाळलेली कोरडी जमीन टणक असते. चाक थोडं फिरलं की खालच्या टणक थराला लागतं आणि गाडी निघते. परतीच्या पावसात मात्र जमीन हातभर खोल भिजून फुगलेली असते. तिथं चाक फिरवत बसलात तर ते खालीच जाणार, एक्सल टेकेपर्यंत. म्हणजे सप्टेंबरात बटण बंद करून वेगात पट्टा पार करायचा, पण गाडी थांबलीच तर रेस सोडायची. एका जागी चाक फिरवायचं नाही. खाली उतरायचं, खुरप्यानं चाकं आणि मडगार्ड मोकळे करायचे, चाकापुढं कडब्याच्या पेंढ्या किंवा रिकामी पोती टाकायची, मग निघायचं.

बर्फ आणि काळ्या मातीत मोठा फरक एकच. बर्फ टायरवरून झडतो, आपली माती लपेटून बसते. म्हणून तुम्हाला टायर बदलावे लागतील. एचटी टायरच्या खाचा बारीक असतात, त्या भरल्या की संपलं. डांबरीवरही तेवढंच चालवायचं असेल तर एटी घ्या, म्हणजे डांबरी आणि कच्चा रस्ता दोन्हींना चालणारे. निव्वळ चिखलाचे एमटी टायर ओल्या डांबरीवर घसरतात आणि आवाजही फार करतात, आईला त्रास होईल.

डांबरीवर तुमची गाडी सुटली ती टायरला चिकटलेल्या चिखलामुळं. त्या पहिल्या किलोमीटरला सर्वांत जास्त जपायचं. फोर-एच काढायचं, कारण अशा गाड्यांत पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधला जातो आणि कोरड्या डांबरीवर वळताना यंत्राला पीळ बसतो. बटण चालू करायचं. आणि चाळीसच्या वर जायचं नाही.

बांधावरचा

मी वेगळंच सांगतो. तुमची अडचण दीड किलोमीटरची नाही, लिंबापाशी वगळ उतरते त्या वीस-पंचवीस फुटांची आहे. तिथं सिमेंटचा पाइप टाका आणि वर तीन-चार ट्रॉल्या मुरूम पसरा. बांधशेजाऱ्यांनाही तीच वाट लागत असेल, त्यांना विचारा, पैसे वाटून घ्या. आमच्या शिवारात असंच केलं.

आणि ट्रॅक्टरनं ओढताना साखळी बंपरला किंवा एक्सलला बांधू नका, गाडीच्या हुकलाच लावा. ओढताना माणसं लांब उभी करा. तुटलेली साखळी पायावर बसलेला माणूस मी बघितलाय.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवार आणि गुरुवार दोन्ही पार पडले, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तक नीट वाचलं. माझ्या गाडीत एकदा दाबल्यावर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, मिस्त्रीदादांचं बरोबर निघालं. सोमवारी हवा चोवीसवर आणली, आखाड्यावरूनच बटण बंद केलं, फोर-एल, दुसरा गिअर. लिंबापाशी चाकं फिरली, मडगार्डवर चिखलाचे ढेकळे धाडधाड आदळले, पण गाडी थांबली नाही. ती चालत राहिली आणि पलीकडं गेली. वडिलांनी तोपर्यंत पुढचा हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

गुरुवारी पाऊस जास्त होता. पट्ट्याच्या शेवटी गाडी बसायला लागली. रेस सोडली, खाली उतरलो. खुरप्यानं चारही चाकं साफ करायला वीस मिनिटं गेली, कडब्याच्या चार पेंढ्या टाकल्या आणि ट्रॅक्टरशिवाय निघालो. दवाखान्यात आठला पाच कमी असताना पोचलो.

एक अडचण नवीन आली, तीही सुटली म्हणून लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. डांबरीवर साठच्या पुढं गेल्यावर स्टेअरिंग थरथरत होतं आणि एबीएसचा दिवा लागून राहिला होता. मला वाटलं काही तुटलं. लातुरात गाडी धुतली तर चाकांच्या रिमच्या आत, एका बाजूला, विटेसारखा वाळलेला चिखल निघाला. तो काढल्यावर थरथर गेली, आणि सेन्सरपाशी प्रेशरनं पाणी मारल्यावर दिवाही गेला.

मुरमाचं दोन शेजाऱ्यांशी बोललो. एक तयार आहे, दुसरे आप्पा सोयाबीनचे पैसे आल्यावर देतो म्हणाले. जमीन वाळली की पाइप टाकू. एटी टायर दिवाळीनंतर घेईन.

डांबरीला लागल्यावर बटण परत चालू करायचं गुरुवारी मी विसरलो होतो. डोक्यात दवाखान्याची वेळ होती. हे सगळं आईला घरी समजावून सांगितलं होतं. तिनं मागच्या सीटवरून सांगितलं, "डांबर लागलं रे, ते बटन दाब."