मदत हवी आहे: रात्री लाईट गेल्यावर पिल्लांना ऊब कशी द्यायची?

नमस्कार मंडळी. परवा गिरिराजा जातीच्या कोंबडीची एक दिवसाची 100 पिल्लं येतायत. गाव पाटण तालुक्यात, पहाटे गारठा चांगलाच. पत्र्याचा गोल केलाय, खाली भाताचं तूस, त्यावर कागद, मधोमध 100 वॅटचे 2 बल्ब. पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते हे माहीत आहे. अडचण लाईटची, रात्री तीन-तीन तास गुल! मागच्या खेपेला थंडीने एकावर एक चढून कोपऱ्यात 12 पिल्लं गुदमरली (तेव्हा चौकोनी खोकं होतं, चूक माझीच). कोळशाची शेगडी ठेवायला जीव धजावत नाही, बंद खोलीत विषारी वायू कोंडतो. इन्व्हर्टरवर हे बल्ब रात्रभर निघतील का? की गॅस ब्रूडरच (गॅसवर चालणारं, पिल्लांना ऊब देणारं यंत्र) घेऊ? एवढ्याशा पिल्लांसाठी परवडतो का? वापरला असेल त्यांनी सांगा.