व्येय विन्य: ‘जुन्या वेली’ म्हणावं की आणखी काही?

भाषांतरवाली:
एका वाइनच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. वाइन कोलियूरची, रेड. कोलियूर म्हणजे फ्रान्सचा पार दक्षिणेचा किनारा, रुसियों प्रदेश. डोंगर ओलांडला की स्पेन. बाटलीवर साल २०२१ आणि खाली ‘व्येय विन्य’. व्येय म्हणजे जुन्या, विन्य म्हणजे द्राक्षाच्या वेली. मी लिहिलं ‘जुन्या वेलींची वाइन’. तपासणाऱ्यांनी खोडून ‘जुनी वाइन’ केलं! आता २०२१ची वाइन जुनी कशी? जुनी आहे ती वेल. मग ‘मुरलेली’ सुचवण्यात आलं. लोणचं मुरतं, वाइनही मुरते, वेल कशी मुरेल? काय लिहू?

हौशी वाचक:
‘प्राचीन द्राक्षलता’ कसं वाटतं?

भाषांतरवाली:
नको हो. लता म्हटलं की नाजूक काहीतरी मांडवावर चढतंय असं डोळ्यांपुढे येतं.

निफाडचा बागायतदार:
ताई, आधी एक सांगतो. आमच्यात ‘जुनी बाग’ ही काही कौतुकाची गोष्ट नाही. ‘बाग जुनी झाली’ म्हणजे माल कमी येतो, खोडं पोखरली, आता काढून नवीन लावा. आमची पंधरा-वीस वर्षांची बाग म्हणजे म्हातारीच. इथे वेलीला थंडीची झोप मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. वर्षातून दोनदा कात्री लावून एकच पीक घ्यायचं. तिकडे हिवाळ्यात वेल गप्प झोपते, छाटणी एकदाच. त्यामुळे ‘जुन्या’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा ठेवला तर आमच्यासारखा वाचणारा म्हणेल, टाकाऊ बागेचा माल दिसतोय.

दुसरं म्हणजे आम्ही ‘वेल’ फारसं म्हणतच नाही. एकरी किती झाडं, एका झाडावर किती घड ठेवले, असंच बोलतो.

रुसियोंत राहून आलेला:
दादांचं ‘झाड’ तिथे अगदी चपखल बसतं. कोलियूरच्या डोंगरउतारावर मांडव नाही, तारा नाहीत. गुडघाभर उंचीचं काळं, पिळवटलेलं खोड आणि त्यातून वर उघडलेले तीन-चार हात. या पद्धतीला फ्रेंचमध्ये ‘गोब्ले’ म्हणतात, म्हणजे पेला. तिथे वायव्येकडून त्रामोंतान नावाचा वारा सुटतो, तो दिवसदिवस थांबत नाही. त्याच्यापुढे उंच मांडवाचं काय होईल सांगायला नको. बुटकं झाड मात्र तग धरतं. जाती मुख्यतः ग्रनाश, जोडीला कारिन्याँ. माती म्हणावी अशी नाहीच, पापुद्र्यांचा शिस्ट खडक. मुळं त्याच्या भेगांतून पाणी शोधत खाली जातात. उतार इतका की ट्रॅक्टर चालत नाही, छाटणी आणि तोडणी हातानेच.

पायऱ्यापायऱ्यांनी जमीन धरून ठेवायला चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी बांध आहेत. आमच्या कोकणात अशा कोरड्या रचाईला गडगा म्हणतात. पाऊस एरवी कमी, पण येतो तो कोसळूनच, म्हणून उतारावर तिरपे चर काढून ते एकमेकांत सोडलेत. लांबून ती नक्षी पक्ष्याच्या पायासारखी दिसते. तिथल्या कातालान भाषेत तिचं नावच ‘कोंबड्याचा पाय’. (हा मुलूख १६५९च्या तहाने स्पेनकडून फ्रान्सकडे आला, पण शेतातले शब्द अजून कातालान.) याच पायऱ्यांवरच्या द्राक्षांची गोड वाइन केली तर ती बान्युल्स, साधी कोरडी केली तर कोलियूर.

आणि विन्य शब्दात एक गंमत आहे. तो वेलीलाही चालतो आणि वेलींच्या तुकड्यालाही. एकेक झाड मोजायचं असेल तर ‘सेप’ म्हणतात, दक्षिणेत ‘सूश’. सूश म्हणजे बुंधा, खोड.

कोशात रमणारी:
मग ‘खोड’च घ्या की! ‘जुनं खोड’ मराठीत आधीच आहे. वाकलेला पण न मोडलेला, अनुभवी, थोडा खवट म्हातारा. ‘जुनं’ला चिकटलेला टाकाऊपणा ‘खोड’ जोडल्याबरोबर गळून पडतो. ‘जून’ मात्र टाळा. जून भेंडी कोण खातं? ‘जुना’ आणि ‘जून’ एकाच घरातले, पण दुसरा बिघडलेला.

निफाडचा बागायतदार:
खोड पटलं. फक्त आमचे ऊसवाले पाहुणे खोडवा समजतील! तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, आणि त्याचं एकरी वजन कमी. तसं पाहिलं तर इथेही तेच आहे. झाड जुनं झालं की घड कमी लागतात, मणी बारीक राहतात. मण्याच्या मानाने साल जास्त, म्हणजे रंग नि तुरटपणा जास्त. आम्हाला वजन विकायचं असतं, त्यांना चव.

पण वय कुठून मोजतात? कलम असेल तर खालच्या, मुळांच्या खुंटाचं की वरच्या काडीचं?

रुसियोंत राहून आलेला:
कलमाच्या जोडापासून. १८६०च्या दशकात फिलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा कीटक अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला आणि बागा उजाड झाल्या. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेचाच: अमेरिकन खुंटावर युरोपियन काडीचं कलम. तुमच्या डॉगरिज खुंटाचं मूळही टेक्सासच्या रानवेलीत आहे, दादा.

भाषांतरवाली:
‘जुन्या खोडांची वाइन’ लिहून पाठवलं. आवडलं म्हणे. पण लगेच दुसरा प्रश्न आला: जुन्या म्हणजे किती वर्षांच्या, तो आकडा घाला.

रुसियोंत राहून आलेला:
घालू नका. फ्रान्सच्या कायद्यात ‘व्येय विन्य’ला वयाची अट नाही. कोणी ४० वर्षांच्या झाडांना लिहितो, कोणी ८०च्या. द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४मध्ये ३५ वर्षांची व्याख्या केली, तीही शिफारस म्हणून. ऑस्ट्रेलियात बारोसाच्या बागायतदारांनी २००९मध्येच पायऱ्या ठरवल्या: ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षं, प्रत्येकीला वेगळं नाव. कोलियूरच्या बाटलीवर असलं काही सापडायचं नाही.

निफाडचा बागायतदार:
पस्तीस? तेवढ्यात आमच्या दोन बागा निघून तिसरी लागते.