मदत हवी आहे: इंग्लंडला मेटल डिटेक्टर न्यायचा आहे. तिथे कुठे चालवता येतो, आणि सापडलेली वस्तू कुणाची?

सीनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या मोटारी आणि पॅनेल दुरुस्त करतो. मुलगी-जावई इंग्लंडात नॉरिचजवळ राहतात. ऑगस्टअखेरीस आम्ही दोघं त्यांच्याकडे निघतोय, महिनाभर तरी मुक्काम होईल. मधे एडिनबरा आणि डब्लिन असा बेत जावईबापूंनी आखलाय. माझ्याकडे मेटल डिटेक्टर आहे आणि तो बरोबर न्यायची मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे हे यंत्र हातात दिसलं की माणसं थेट गुप्तधनावर येतात, म्हणून आधीच सांगतो. मी गुप्तधन शोधत नाही आणि त्यासाठी कुणी बोलावलं तर जातही नाही. माझं काम हरवलेल्या वस्तूंचं. ज्वारी काढताना मंगळसूत्र तुटून पडतं, पोरीचं पैंजण बांधावर गळतं, जुन्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कुठं पुरलाय ते घरात कुणालाच आठवत नसतं. मोहोळ-मंगळवेढ्याकडून असा फोन आला की रविवारी मशीन घेऊन जातो. पैसे घेत नाही. मंगळसूत्र हातात परत आल्यावर त्या माउलीचा चेहरा बघायला मिळतो, त्यातच सगळं आलं.

इंग्लंडची ओढ वेगळ्या कारणाने. आमच्यापासून तेर काही फार लांब नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी नोंदींत ‘तगर’ म्हणून येतं तेच हे गाव, रोमशी ज्याचा व्यापार होता. तिथल्या संग्रहालयात गेलो की तासन्‌तास काचेसमोरून हलवत नाही मला. मुलगी सांगते, तिच्या घरामागच्या शेतांत लोक मशीन फिरवतात आणि रोमन नाणी निघतात. त्याच रोमची एखादी वस्तू, तीही दुसऱ्या टोकाच्या मातीतून, स्वतःच्या हाताने वर काढावी असं फार वाटतं.

तर पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तिथे मशीन चालवता येतं का? परवाना कुणाकडून घ्यायचा? एखादं नाणं मिळालंच तर सोलापूरला आणता येईल का? विमानात मशीन कसं न्यायचं? आणि आपल्या काळ्या जमिनीत सेट केलेलं मशीन तिकडे तसंच चालेल का? इथे बेसाल्टमधल्या चुंबकीय खनिजांमुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचाच सिग्नल गाळायचं सेटिंग, सारखा करावा लागतो, मुरुमाच्या पट्ट्यात तर मशीन उगाच किणकिणत राहतं.

---

केंब्रिजवासी

नमस्कार काका. मी इथे बरीच वर्षं हा छंद करतोय, जमेल तितकं सांगतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मशीन चालवायला सरकारी परवाना लागत नाही, आणि तुम्ही कुठल्या देशाचे हे कुणी बघत नाही. लागते ती जमीनमालकाची परवानगी, तीही लेखी घ्या. शेतातून पायवाट जाते आणि तिच्यावरून सगळे चालतात, म्हणून तिथे मशीन लावायचा हक्क मिळत नाही. परवानगीशिवाय उचललेली वस्तू ही सरळ चोरी धरली जाते. शेत खंडाने कसणारा वेगळा असेल तर त्यालाही विचारायचं. समुद्रकिनारेसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे असतात, तेव्हा आधी मालक कोण ते बघा. लंडनला थेम्सच्या काठावर तर पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचं परमिट नसेल तर साधा हाताने शोधसुद्धा घेता येत नाही.

संरक्षित स्मारकं, ज्यांना इथे ‘शेड्यूल्ड मॉन्युमेंट’ म्हणतात, तिथे मालक हो म्हणाला तरी चालत नाही. हिस्टॉरिक इंग्लंडच्या लेखी संमतीशिवाय तिथे डिटेक्टर वापरणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय, कारण नॉरिचला लागूनच केस्टर सेंट एडमंड इथे वेंटा इसेनोरम नावाचं रोमन शहर होतं. तुम्ही तिथे जाणार हे नक्की. जाच, तटबंदीवरून चक्कर मारा. मशीन मात्र घरी ठेवून जा.

आता वस्तू कुणाची हा प्रश्न. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू ‘ट्रेझर’ ठरते. नाण्यांचा नियम निराळा: सोन्याचांदीची दोन किंवा जास्त जुनी नाणी एकाच ठेव्यातली असतील तर ट्रेझर, तांब्या-ब्राँझची असतील तर दहा लागतात. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या आणि विशेष महत्त्वाच्या वस्तूही त्यात आल्यात, मग धातू कोणताही असो. असं काही लागलं तर १४ दिवसांच्या आत कॉरोनर या स्थानिक चौकशी अधिकाऱ्याला कळवायचं. व्यवहारात आपण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) गाठतो, पुढची वाट तेच दाखवतात. वस्तू संग्रहालयाने घेतली तर तिची किंमत ठरते आणि बक्षीस साधारणपणे शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटलं जातं.

सुटं एकच रोमन ब्राँझ नाणं ट्रेझर नाही. ते जमीनमालकाचं, आणि त्याच्याशी ठरलं असेल तर तुमचं. तरीही त्याची नोंद ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’कडे जरूर करा. ब्रिटिश म्युझियमतर्फे चालणारी ही योजना आहे, वस्तू कोणत्या शेतात कुठे मिळाली यासकट नोंद होते. आज त्यांच्या यादीत १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आपल्यासारख्या हौशी माणसांनी दाखवलेल्या.

सोलापूरला आणण्याबद्दल: इथल्या मातीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायची तर तिची किंमत दोन पौंड असली तरी निर्यात परवाना लागतो. तो आर्ट्स काउन्सिल इंग्लंड देतं. महिनाभराच्या मुक्कामात नोंद, ओळख आणि परवाना हे सगळं बसवायचा आटापिटा करू नका. नाणं मुलीच्या घरी राहू द्या.

---

मोडीवाचक

मी सोलापुरातच शिक्षक आहे, जुनी नाणी आणि शिलालेख हा माझा विषय. सीनाकाठ, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मला हा छंदच पटत नाही आणि ते इथे बोलणं माझं कर्तव्य समजतो.

नाणं मातीत कोणत्या थरात होतं, शेजारी कोणतं खापर होतं, राख होती की हाड, यावर इतिहास उभा राहतो. मशीन फक्त धातूला ओरडतं. खापर, मणी, कोळसा त्याला दिसत नाही आणि खड्डा खणणाऱ्यालाही बहुधा दिसत नाही. तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलं. पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू त्यांनी गावासाठी राखल्या, ही फार मोठी गोष्ट. पण त्याच तेरमधल्या किती वस्तू कुणाच्या खिशातून कुठे गेल्या याचा हिशोब कुणाकडे आहे?

आणि इथल्या वाचकांसाठी: इंग्लंडचा नियम वाचून कुणी हत्तरसंग कुडलला किंवा भुईकोट किल्ल्याच्या खंदकात मशीन घेऊन उतरू नये. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची मौल्यवान वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळी खोदकाम करता येत नाही, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवर महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे तो वेगळाच.

---

सीनाकाठ

सर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. थराचा मुद्दा तर अगदी खरा. इथे मी फक्त ज्याची वस्तू हरवली त्याच्याच रानात जातो आणि वीतभर खोलीच्या खाली जात नाही, कारण काल पडलेलं मंगळसूत्र वीतभर खाली जाणारच नाही. तिकडे नांगरटीच्या खाली खणायचं नाही असा नियम मी स्वतःला घालून घेतला, तर तुमचा आक्षेप थोडा तरी कमी होईल का?

केंब्रिजवासी, तुमचं वाचून नाणं आणायचा विचार सोडला. हातात धरून बघायला मिळालं तरी भरून पावलो.

---

केंब्रिजवासी

काका, तो नियम इथल्या सगळ्या चांगल्या मंडळींचाच आहे. नांगराच्या फाळाने वरचा थर आधीच उलटापालटा झालेला असतो. त्यातली वस्तू दरवर्षी घासली जाते, खतांनी गंजते, ती उचलून नोंदवणं हे वाचवणंच आहे. सिग्नल नांगरटीच्या खालून आला किंवा एकाच जागी दोन-चार वस्तू लागल्या, तर हात थांबवायचा, खड्डा तसाच झाकायचा आणि फोन करायचा.

मोडीवाचक सरांसाठी आणि तुमच्यासाठीही, तुमच्या मुलीच्या शेजारच्याच सफोक काउंटीतली गोष्ट. १९९२ मध्ये हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. मित्राने तो शोधायला मशीन आणलं आणि त्याला रोमन नाणी लागली. काही वस्तू वर आल्यावर त्याने आणखी उकरलं नाही, लगेच कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी बाकीचा ठेवा जागेवरच उघडला, त्यामुळे लाकडी पेटीत काय कुठे रचलं होतं तेसुद्धा कळलं. सुमारे १५ हजार नाणी, दागिने, चांदीचे चमचे. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि तो हातोडाही तिथेच आहे. हरवलेली वस्तू शोधायला गेलेलाच माणूस होता तो, काका.

उलट बाजूही आहे. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा लागला, त्यांनी लपवला आणि विकायला काढला. २०१९ मध्ये दोघांना मोठा तुरुंगवास झाला. त्यातली बरीचशी नाणी आजवर मिळालेली नाहीत.

मशीनबद्दल: नॉर्फकमध्ये चुनखडी, गारगोट्या आणि रेताड माती. तुमच्या बेसाल्टपेक्षा जमीन कितीतरी शांत आहे, ग्राउंड बॅलन्स एकदा केला की पुष्कळ वेळ टिकतो. डोकेदुखी वेगळी असते. बंदुकीच्या काडतुसांच्या टोप्या, घोड्याच्या नालांचे खिळे, आणि कंपोस्ट खतातून शेतात आलेले ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे. तसलं खत पडलेल्या शेतात तासभर घालवण्यापेक्षा दुसरं शेत बघा. हातोड्याने पाडलेली मध्ययुगीन चांदीची नाणी नखाएवढी पातळ असतात, तेव्हा लोखंड गाळायचं सेटिंग फार कडक ठेवू नका. ओल्या खाऱ्या वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन गोंधळतं, किनाऱ्यावर जायचं तर बहु-फ्रिक्वेन्सी मशीन लागेल.

---

लिफीकाठ

डब्लिनहून लिहितेय. काका, इकडे येताना मशीन आणूच नका. आयर्लंडमध्ये परवानगीशिवाय डिटेक्टरने पुरावस्तू शोधणं हा १९८७ पासून गुन्हा आहे, शेतकरी हो म्हणाला तरी. जबर दंड आहे, कैदही होऊ शकते. बेलफास्टकडे गेलात तर उत्तर आयर्लंडमध्येही परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये मालकाच्या परवानगीने चालतं, पण तिथे सापडलेली प्रत्येक पुरावस्तू कळवावी लागते, ट्रेझर असो वा नसो, कारण तिच्यावर राजसत्तेचा हक्क असतो. मशीन नॉरिचला लेकीकडे ठेवा आणि इकडे मोकळ्या हाताने या. आमच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं सोनं बघून डोळे निवतील.

---

भटकी

सामानाचं मी सांगते. कॉइल आणि दांडा चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. खुरपं, फावडं, चाकू काहीही केबिनमध्ये घेऊ नका. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच, टर्मिनलवर चिकटपट्टी लावून. कंट्रोल बॉक्स हातातल्या बॅगेत ठेवलात तर स्कॅनिंगला काढून दाखवावा लागेल, थोडा वेळ हाताशी ठेवा. मशीन महागाचं असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परत येताना “हे तिकडून आणलं का?” हा प्रश्न उरत नाही. बिलाची प्रत जवळ ठेवा. आणि जाता-येता दोन्ही वेळा हत्यारांची, बुटांची माती धुऊन टाका. परकी माती दोन्ही देशांना नको असते.

---

मोडीवाचक

नांगरटीच्या वरच थांबणार आणि नोंद करणार असाल तर माझा विरोध मागे नाही घेत, पण तुमच्यापुरता सौम्य करतो. एक विनंती: प्रत्येक वस्तूची जागा मोबाइलच्या जीपीएसवर टिपा, काढण्याआधी फोटो घ्या, आणि घासून धुऊ नका. ब्राँझवरचा हिरवा थर ब्रशने गेला की अक्षरंही जातात. परत आल्यावर फोटो मला दाखवाल का? राजाचं नाव वाचायचा प्रयत्न करू.

---

सीनाकाठ

नक्की दाखवेन सर. भटकी ताई, लिफीकाठ ताई, फार उपयोग झाला. डब्लिनला मशीन नेत नाही, ठरलं.

आता एकच राहिलं. अनोळखी गोऱ्या शेतकऱ्याला विचारायचं कसं? आपल्याकडे बांधावर जाऊन “राम राम पाटील” म्हटलं की चहा येतो आणि बोलणं सुरू होतं. तिकडची रीत काय?

---

केंब्रिजवासी

रीत फारशी वेगळी नाही काका, फक्त कापणीच्या ऐन धांदलीत जायचं नाही. ऑगस्टअखेर नॉर्फकमध्ये गहू-बार्ली निघालेली असते आणि पुढची पेरणी व्हायची असते. शेत मोकळं मिळायचा तो अगदी नेमका काळ, तुम्ही वेळ उत्तम साधलीय. मुलीला आत्ताच सांगा, जवळच्या शेताचा मालक कोण ते गावात विचारून ठेवायला. पहिल्यांदा तिला बरोबर घेऊन जा. तुम्ही सोलापूरला लोकांची हरवलेली मंगळसूत्रं शोधून देता हे सांगा, आणि “तुमचं काही रानात हरवलंय का?” असं विचारा. शेतकऱ्याचं काही ना काही हरवलेलं असतंच.

हो म्हणाला तर एक पानाचा करार करा: कोणती शेतं, कधीपर्यंत, आणि सापडेल ते निम्मं-निम्मं. आधी नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घ्या. त्यात विमा असतो आणि शेतकऱ्याला तो कागद दिसला की धीर येतो. फाटक जसं होतं तसंच लावायचं, गाई-मेंढ्या असलेल्या कुरणात आधी विचारायचं, गवताचा चौकोन कापून उचलायचा आणि परत तसाच दाबायचा. निघताना काय काय मिळालं ते सगळं, भंगारासकट, त्याला दाखवायचं. महायुद्धातला तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही लागलं तर हात न लावता लांब होऊन ९९९ वर फोन.

कुणीच हो म्हणालं नाही तर क्लबांच्या रॅली असतात. ठरावीक फी भरून दिवसभर परवानगीच्या शेतात फिरता येतं, बऱ्याच ठिकाणी फाइंड्स लिएझन ऑफिसर तिथेच बसलेले असतात. तारखा नक्की झाल्या की मला व्यक्तिगत निरोप टाका. नॉरिच माझ्यापासून दीड-दोन तासांवर आहे, एखाद्या शनिवारी येतो. येताना शेंगाचटणी आणाल तर दुपारचं जेवण बांधावरच करू.