ओसीटीवर (डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन) लाल पट्टा, म्हणजे थर पातळ, डोळ्याचा दाब मात्र 16: काचबिंदू की एमएसमुळे (मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) सुकलेली नस?

ऑप्टोम_मिरज
पेशंट 41 वर्षांच्या बाई. दाब उजवा 16, डावा 15. कप (नसेच्या तोंडावरचा खळगा) उजवीकडे 0.6, डावीकडे 0.5. ओसीटीत आरएनएफएलची (पडद्यावरच्या नसतंतूंच्या थराची) सरासरी उजवीकडे 76 मायक्रॉन, डावीकडे 92. बाहेरच्या कागदावर 'नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा' (दाब नॉर्मल असूनही होणारा काचबिंदू) लिहून लॅटॅनोप्रोस्ट, म्हणजे दाब उतरवणारे थेंब, सुरू केलंय. चष्म्यासह उजवा 6/9, डावा 6/6. खोदून विचारल्यावर कळलं, दोन वर्षांपूर्वी उजवा डोळा फिरवला की दुखायचा, दोन-तीन दिवसांत अंधूक झालं आणि महिन्याभरात आपोआप बरंच सुधारलं. फील्डमध्ये (नजरेच्या आवाक्याच्या तपासणीत) उजवीकडे कमानीसारखा डाग आहे, म्हणून सगळे काचबिंदूच म्हणतायत. न्यूरोकडे पाठवण्याआधी काय काय करून ठेवू?

कोन_आणि_कप
कप किती मोठा हे नंतर. आधी कपाभोवती उरलेल्या नसेच्या कडेचा रंग बघा. काचबिंदूत कड झिजते, खालून किंवा वरून खाच पडते, पण जी उरते ती गुलाबी असते. कपापेक्षा फिकटपणा जास्त असेल, म्हणजे कड जाग्यावर आहे पण पांढुरकी पडलीय, तर काचबिंदूचं नाव घेण्याआधी थांबायचं.

कमानीच्या डागावर जाऊ नका. ऑप्टिक न्यूरायटिसमध्येही (डोळ्याच्या नसेचा दाह, एमएसमध्ये होतो तो) कमानी, अर्धं फील्ड, मधला डाग, काहीही निघू शकतं. आणि ओसीटीची सरासरी तर काहीच सांगत नाही, चार बाजूंचे वेगवेगळे आकडे टाका.

आणखी एक. 16 हा थेंब चालू असतानाचा दाब आहे का? लॅटॅनोप्रोस्ट दाब साधारण 25 ते 35 टक्के उतरवतं. म्हणजे मूळ दाब 22-23 असू शकतो आणि मग 'नॉर्मल टेन्शन' हा शब्दच गळून पडतो. जुना कागद शोधा. कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी आणि गोनिओस्कोपी (डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं त्या कोनाची तपासणी) झालेली नसेल तर तीही करा. पातळ कॉर्नियावर दाब कमी मोजला जातो.

बाहुली
क्रम चुकला तर अर्धी माहिती हातची जाते. आपल्याकडे पेशंट बसला की आधी डोळ्यात बाहुली पसरवणारे थेंब पडतात, मग बाहुली काय तपासणार?

थेंबांआधी: खोली अंधारी, पेशंटची नजर लांब, टॉर्च प्रत्येक डोळ्यावर दोन-तीन सेकंद, झटकन दुसऱ्यावर. प्रकाश आल्यावर बाहुली आकसण्याऐवजी पसरली तर आरएपीडी, म्हणजे त्या डोळ्याची नस कमी काम करतेय. मग इशिहारा (रंग ओळखण्याची पानं), एकेक डोळा झाकून, जवळच्या चष्म्यासह. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने दाखवा आणि विचारा, 'हा लाल शंभर पैसे असेल तर त्या डोळ्याला किती पैसे?' काचबिंदूत मधली नजर आणि रंग बराच काळ शाबूत राहतात. 6/9 दिसतंय आणि लाल मात्र विटकरी, हे काचबिंदूच्या हिशोबात बसत नाही.

फक्त आरएपीडीवर निकाल देऊ नका. एकाच डोळ्यात वाढलेल्या काचबिंदूतही तो मिळतो. प्रश्न असतो तो कपाच्या मानाने जास्त आहे का, हा.

ऑप्टोम_मिरज
आरएपीडी उजवीकडे स्पष्ट. लाल 'साठ पैसे'. कड कानाकडच्या बाजूने फिकट. ओसीटी उजवा: वर 98, खाली 104, नाकाकडे 64, कानाकडे 38. डावा: 114, 122, 68, 64. लॅटॅनोप्रोस्टआधीचा दाब जुन्या कागदावर 17 आणि 16. म्हणजे थेंबांनी काही फारसं केलेलंच नाही.

करडी_नस
मग चित्र बरंच साफ आहे. काचबिंदू आधी वर-खाली खातो, खास करून खालची-कानाकडची बाजू. नेमकी कानाकडची बाजू उशिरापर्यंत वाचते. इथे तीच डाव्या डोळ्याच्या 64 च्या मानाने 38 आहे, म्हणजे मॅक्युलाकडून (पडद्याच्या मधल्या, बारीक दिसणाऱ्या भागाकडून) येणारे तंतू गेलेत. गँग्लियन सेलचा (ज्यांच्यातून हे तंतू निघतात त्या पेशींचा) नकाशाही काढा: काचबिंदूत आडव्या रेषेवर पायरी दिसते, न्यूरायटिसनंतर सगळीकडून पातळ. न्यूरायटिसनंतर कपही थोडा वाढतो, तेव्हा 0.6 ने फसू नका.

पाठवताना लिहा: मेंदू आणि ऑर्बिटचा (डोळ्याच्या खोबणीचा) एमआरआय, फॅट सप्रेशन (चरबीची चमक दाबून) आणि गॅडोलिनियमसह (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट). नुसता 'ब्रेन' लिहिलं तर नस नीट दिसतच नाही. दोन वर्षं जुन्या झटक्यात नस बहुधा कॉन्ट्रास्ट घेणार नाही. तिथे मेंदूतले डाग महत्त्वाचे. व्हीईपी (डोळ्यातून मेंदूपर्यंत संदेश किती वेळात पोचतो याची तपासणी) चष्मा लावून, बाहुली न पसरवता. पी100 (त्यातली मुख्य लहर) लांबलीय पण लहरीचा आकार टिकलाय, तर मायलिन (नसेवरचं आवरण) गेल्याची खूण. एक्वापोरिन-4 आणि मॉग अँटिबॉडीही (एमएससारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या रक्ततपासण्या) सांगा, उपचार वेगळे असतात. 'एमएस आहे' असं पेशंटला तुम्ही सांगू नका, एकट्या डोळ्यावरून ते ठरत नाही.

कोन_आणि_कप
लॅटॅनोप्रोस्ट परस्पर बंद करू नका, ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी बोलून ठरवा.

पुढे एमएस निघालं तरी दाब मोजणं सुटत नाही. स्टेरॉइडच्या वारंवार कोर्सने दाब चढतो. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन देणार असतील तर कोन अरुंद नाही ना, हे तुमच्या गोनिओस्कोपीत आधीच दिसलेलं असावं. फिंगोलिमॉड (एमएसची गोळी) सुरू झालं तर तीन-चार महिन्यांनी मॅक्युलाचा ओसीटी, सूज येते म्हणून. आणि नवीन झटक्याला कुणी नुसत्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, किलोला 1 मिलीग्रॅम, लिहिल्या तर अडवा. मोठ्या चाचणीत त्याने झटके पुन्हा जास्त आले होते, शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेल्यांत तसं झालं नाही.